परसातील कोंबड्यांचे खाद्य: अंड्यामागचा खरा खर्च कसा काढावा आणि कुठे कमी करावा

परसात कोंबड्या पाळणाऱ्याला खाद्याचा खर्च विचारला, तर तो बहुतेक वेळा पोत्याचा भाव सांगतो. कोंबडी मात्र पोत्याच्या भावावर अंडे देत नाही. पोटात गेलेल्या प्रथिनांवर, ऊर्जेवर आणि कॅल्शियमवर ती अंडे देते. म्हणून स्वस्त खाद्य आणि स्वस्त अंडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. पुढील सर्व मांडणीत मोजमापाचे एकक एकच धरले आहे, ते म्हणजे एका अंड्यामागे गेलेले खाद्य. हा आकडा ज्याच्या वहीत नाही, त्याने भाव कितीही घासाघीस करून ठरवला तरी आपला खर्च वाढतो आहे की कमी होतो आहे, हे त्याला सांगता येणार नाही.

आधी मोजणी

महिन्याच्या पहिल्या दिवशी पिंपात किंवा पोत्यात किती खाद्य शिल्लक आहे ते तोलून लिहावे, महिन्याभरात आणलेले त्यात मिळवावे आणि महिनाअखेरीस उरलेले त्यातून वजा करावे. जे उरते ते महिन्याचे खाद्य. रोज मिळालेली अंडी त्याच वहीत लिहावीत आणि घरात खाल्लेली, शेजारी दिलेली व फुटलेली अंडीही त्यात धरावीत. अनेक घरांत फक्त विकलेली अंडी मोजली जातात आणि मग धंदा तोट्यात असल्याचे वाटते.

अंडी देणारी, सुमारे दोन किलो वजनाची सुधारित कोंबडी पूर्ण बंदिस्त असेल, तर दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम संतुलित खाद्य खाते. अंगाने लहान असलेली गावरान कोंबडी त्याहून कमी खाते. मात्र ती वर्षाला साधारण ५० ते ७० अंडीच देते, शिवाय वरचेवर खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसते. ग्रामप्रियासारखी अंड्यांसाठी विकसित केलेली जात चांगल्या व्यवस्थेत याच्या दुपटीहून अधिक अंडी देते, तर वनराज आणि गिरिराज या जातींमध्ये वजनाचाही विचार केलेला असल्याने त्या खातातही जास्त. केवळ अंड्यांसाठी कळप ठेवायचा असेल, तर थोराड अंगाची जात निवडणे म्हणजे दर दिवशी काही ग्रॅम खाद्य अंड्याऐवजी देह सांभाळण्यासाठी देणे होय.

तलंग गटाचे उदाहरण

महाराष्ट्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ माद्या आणि तीन नर अशा तलंगांचा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या वाढत्या पक्ष्यांचा, गट दिला जातो. गावोगावी हा गट ओळखीचा असल्याने हिशेबाला तोच घेऊ. माद्या अंड्यावर आल्या आहेत, सर्व पक्षी बंदिस्त आहेत आणि तयार लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य, किलोला ३६ रुपयांनी मिळते, असे गणितापुरते धरू. वाचकाने येथे आपल्या गावचा भाव घालावा. गणिताची रीत तीच राहते.

प्रत्येक मादीला ११५ ग्रॅम आणि प्रत्येक नराला १२५ ग्रॅम धरले, तर दिवसाला ३.२५ किलो आणि तीस दिवसांच्या महिन्याला ९७.५ किलो खाद्य लागते, म्हणजे ५० किलोची जवळजवळ दोन पोती. त्याचे ३,५१० रुपये होतात. बहरात ६० टक्के अंडी मिळाली, म्हणजे २५ माद्यांकडून रोज १५, तर महिन्याची ४५० अंडी होतात आणि एका अंड्यामागे खाद्याचा खर्च ७ रुपये ८० पैसे येतो. डझनामागे खाद्य २.६ किलो पडते. हा दुसरा आकडा अधिक उपयोगी आहे, कारण भाव चढले-उतरले तरी तो आपल्या व्यवस्थेचा दर्जा दाखवत राहतो. पिंजरा पद्धतीच्या मोठ्या फार्मवर डझनाला साधारण दीड ते पावणेदोन किलो खाद्य पुरते. परसात तेवढे कमी होणे कठीण आहे, परंतु तीन किलोच्या वर गेले तर कुठे तरी गळती आहे असे समजावे.

या हिशेबात तीन नरांचे खाद्य महिन्याला ११.२५ किलो, म्हणजे ४०५ रुपयांचे होते, आणि ते प्रत्येक अंड्यावर ९० पैशांचा बोजा टाकते. अंडे देण्यासाठी कोंबडीला नराची गरज नसते. नर लागतो तो फलित अंड्यांसाठी. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवून पिल्ले काढायची असतील, तर आठ ते दहा माद्यांमागे एक नर ठेवण्याला अर्थ आहे. खाण्याचीच अंडी विकायची असतील, तर एक नर राखण्यापुरता ठेवून बाकीचे वेळेवर विकलेले बरे.

खाद्याच्या खर्चात एक भाग नेहमी विसरला जातो, आणि तो म्हणजे पहिले अंडे मिळेपर्यंतचे खाद्य. दहा आठवड्यांच्या आतबाहेर मिळालेली तलंग अंड्यावर येईपर्यंत अंदाजे साडेसहा किलो खाद्य खाते. २८ पक्ष्यांचे १८२ किलो झाले, ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचे, खाद्य किलोला ३२ रुपये धरले तर ५,८२४ रुपये. पहिल्या वर्षी मादीमागे सरासरी १५० अंडी मिळाली, तर एकूण ३,७५० अंड्यांवर हा खर्च वाटला जाऊन प्रत्येकी सुमारे दीड रुपया वाढतो. एक दिवसाचे पिल्लू आणून वाढवले तर हा आकडा आणखी चढतो आणि मधल्या काळातील मरतुकीचे खाद्यही जिवंत राहिलेल्या पक्ष्यांच्याच खात्यावर पडते. त्यामुळे मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस चुकवून वाचवलेले पैसे खाद्याच्या हिशेबात कैक पटींनी परत जातात.

मिसळ करून स्वस्त केलेले खाद्य

खर्च कमी करण्याचा सर्वात प्रचलित उपाय म्हणजे तयार खाद्यात निम्मी तांदळाची कणी, ज्वारी किंवा गहू मिसळणे. वरवर हा उपाय रास्त वाटतो. कणी किलोला २६ रुपये धरली, तर मिश्रण ३१ रुपयांना पडते आणि महिन्याचा खर्च ३,५१० वरून ३,०२२ रुपयांवर येतो. पावणेपाचशेहून अधिक रुपयांची बचत डोळ्यांना दिसते.

परंतु तयार लेअर खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. कणीत प्रथिने आठ टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम नगण्य. निम्मी मिसळ केली की प्रथिने बारा टक्क्यांवर आणि कॅल्शियम पावणेदोन-दोन टक्क्यांवर येते. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि खाल्लेल्यापैकी सर्व अंगी लागत नाही, म्हणून कोंबडीला रोज चार ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळावे लागते. ते न मिळाल्यास ती काही दिवस हाडांतून काढून देते, मग कवच पातळ होते आणि शेवटी अंडे थांबते. मिसळीचे परिणाम पहिल्या आठवड्यात दिसत नाहीत, आणि म्हणूनच पाळणाऱ्याचा समज दृढ होतो की मिसळ चालली.

आता उलटे गणित करावे. ३,०२२ रुपयांच्या खाद्यावर अंडे ७ रुपये ८० पैशांनाच पडायचे असेल, तर महिन्याला ३८८ अंडी पुरतात. याचा अर्थ असा की रोजची अंडी १५ वरून १३ झाली, की सगळी बचत संपली. ती १० वर आली, तर अंड्याचा खर्च दहा रुपयांवर जातो. धान्य द्यायचेच असेल, तर ते संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात परतण्यापूर्वी मूठभर, एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नाही, एवढ्यावर थांबावे. तेवढ्याने पक्षी हाकेला येतात, हा फायदा मात्र निर्विवाद आहे.

याच ओघात दोन पोत्यांविषयी सावध करणे आवश्यक आहे. गावातील दुकानात लेअर खाद्य नसले की ब्रॉयलर खाद्य हाती दिले जाते. ते महाग असते, मांस वाढवण्यासाठी बनवलेले असते आणि त्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपासच असते. कोंबड्या त्यावर लठ्ठ होतात, अंडी मऊ कवचाची येतात. दुसरे म्हणजे जनावरांचे पशुखाद्य. त्यात काही वेळा युरिया असतो, जो रवंथ करणाऱ्या जनावराला पचतो, पण कोंबडीला त्याचा उपयोग नाही आणि अपाय मात्र होऊ शकतो. उलट दिशेने, अंड्यावर न आलेल्या तलंगांना लेअर खाद्य देऊ नये. त्यातील जास्तीचे कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधते. पहिली अंडी दिसू लागली की खाद्य आठवड्याभरात हळूहळू बदलावे.

घरी खाद्य तयार करणे

तयार खाद्य परवडत नसेल, तर पातळ करण्याऐवजी पूर्ण संतुलित खाद्य स्वतः बनवणे हा खरा पर्याय आहे. १०० किलोचे एक साधे प्रमाण पुढे देत आहे. भाव गणितापुरते आहेत. त्यात मक्यासाठी २०२५-२६ च्या खरिपाचा क्विंटलला २,४०० रुपयांचा हमीभाव धरला आहे.

मका भरडा ५० किलो, दर २४ रुपये: १,२०० रुपये
सोयाबीन पेंड २० किलो, दर ४० रुपये: ८०० रुपये
तांदळाचे पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा) १२ किलो, दर २० रुपये: २४० रुपये
गव्हाचा कोंडा ७ किलो, दर २४ रुपये: १६८ रुपये
शिंपल्याचा चुरा व चुनखडीची बारीक खडी ९ किलो, दर ६ रुपये: ५४ रुपये
डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे डीसीपी १ किलो: ६० रुपये
मीठ ३०० ग्रॅम: ६ रुपये
कुक्कुट खनिज-जीवनसत्त्व मिश्रण व मिथिओनिन (प्रथिनांतील एक आवश्यक अमिनो आम्ल) मिळून ७०० ग्रॅम: १४० रुपये

ही बेरीज २,६६८ रुपये होते. भरडाई आणि ने-आण किलोला दोन रुपये धरली, तर २,८६८, म्हणजे किलोला २९ रुपयांच्या आत. मक्यात नऊ आणि सोयाबीन पेंडीत ४५ टक्के प्रथिने धरल्यास या खाद्यात एकूण १६ टक्के प्रथिने, सुमारे ३.७ टक्के कॅल्शियम आणि किलोमागे अडीच हजार किलोकॅलरींच्या थोडी वर ऊर्जा येते. किलोला पूर्ण २९ रुपये धरले, तरी त्याच ९७.५ किलोचा खर्च सुमारे २,८२८ रुपये होतो आणि ४५० अंडी टिकून राहिली, तर अंडे ६ रुपये २८ पैशांना पडते. दीड रुपयाची ही बचत खरी आहे, कारण ती कोंबडीच्या ताटातून काही काढून घेतलेली नाही.

मात्र ही बचत मिळते ती मिसळण्यात चूक न झाल्यास. खनिज-जीवनसत्त्व मिश्रण, मीठ आणि मिथिओनिन हे जिन्नस इतके थोडे असतात की थेट ढिगावर टाकल्यास एका कोंबडीला मूठभर आणि दुसरीला काहीच मिळत नाही. ते आधी दोन-तीन किलो भरड्यात नीट कालवावेत, मग तो भरडा दहा-पंधरा किलोत आणि शेवटी सर्व ढिगात, फावड्याने तीन-चार वेळा उलथापालथ करून मिसळावा. मका पिठासारखा दळू नये. पीठ चोचीला चिकटते, पाणीभांड्यात जाते आणि उडून वाया जाते. भरडा रव्याहून जाड असावा. चुनखडीचे पीठ आणण्याऐवजी निम्मा भाग तरी जाड शिंपला असावा, कारण कवच मुख्यतः रात्री तयार होते आणि पोटात सावकाश विरघळणारा जाड कण त्या वेळी कॅल्शियम पुरवत राहतो. शिंपला वेगळ्या भांड्यात सतत ठेवला तर आणखी उत्तम. ज्या कोंबडीला गरज असते ती संध्याकाळच्या सुमारास स्वतःहून तिकडे जाते.

घरचे सोयाबीन असले म्हणून ते कच्चे भरडून घालता येत नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात, जे योग्य उष्णतेने निष्प्रभ होतात. ते नीट भाजून किंवा उकडून वाळवल्याशिवाय वापरू नये. तेल काढलेली पेंड, जिला बाजारात डीओसी म्हणतात, ती प्रक्रियेत तापवलेली असल्याने सोयीची पडते. २८ पक्ष्यांसाठी महिन्याला १०० किलो खाद्य स्वतः बनवणे श्रमाला परवडते. सहा-आठ कोंबड्यांसाठी हा खटाटोप करू नये, तयार पोते आणावे.

जिल्ह्यानुसार बदलणारा कच्चा माल

वरील प्रमाण सर्वत्र जसेच्या तसे स्वस्त पडेल असे नाही. भंडारा-गोंदियाकडे भातगिरण्यांमुळे कणी, कोंडा व पॉलिश मुबलक आहे. तेथे मक्याचा काही भाग कणीने भागवता येतो, कारण दोघांचे काम ऊर्जा देण्याचे आहे. प्रथिनांची बाजू मात्र पेंडीनेच सांभाळावी लागते. कणीला पिवळा रंग नसल्याने बलक फिका होतो. चवीत फरक पडत नसला, तरी गिऱ्हाईक गर्द बलक मागते, म्हणून सोबत हिरवा पाला हवा. तांदळाच्या पॉलिशमध्ये तेल भरपूर असते आणि ते लवकर खवट होते. दहा-पंधरा दिवसांपुरतेच आणावे.

मराठवाड्यात सोयाबीन पेंड जवळ मिळते, कारण लातूरसारख्या ठिकाणी सोयाबीनचा मोठा बाजार आणि प्रक्रिया उद्योग आहे. ज्वारी-बाजरी मक्याच्या निम्म्या भागापर्यंत वापरता येते. भाव पाहून ठरवावे. २०२५-२६ मध्ये बाजरीचा हमीभावच मक्याहून पावणेचारशे रुपयांनी जास्त आहे, त्यामुळे विकत घेऊन घालण्यात फायदा नाही. मळणीनंतर खळ्यावर उरलेला बारीक माल घरी असेल तर गोष्ट वेगळी. डाळगिरणीची चुरीही काही प्रमाणात चालते. सरकी पेंड टाळावी, तिच्यामुळे अंड्याचा बलक साठवणीत विचित्र रंगाचा होतो. शेंगदाणा पेंडीत प्रथिने भरपूर असली, तरी बुरशीचे विष तिच्यात सर्वात सहज धरते. पावसाळ्यात ती घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोकणात सुकी मासळी किंवा तिचा चुरा मिळतो. त्यातील प्रथिने उत्तम दर्जाची असतात आणि सोयाबीन पेंडीचा थोडा भाग त्याने बदलता येतो. पण खारवलेली मासळी असेल, तर खाद्यातील मीठ बंद करावे आणि शंभर किलोत पाच किलोच्या वर जाऊ नये. मीठ वाढले की कोंबड्या पाणी फार पितात, विष्ठा पातळ होते. मासळी वाढली की अंड्याला वास येतो.

मक्याच्या भावाचे एक कारण आता शेताबाहेर आहे. इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढल्यापासून कोंबडी खाद्याला या उद्योगाशी स्पर्धा करावी लागते. सोयाबीन पेंडीचा भाव तर २०२१ मध्ये इतका चढला होता की केंद्र सरकारला १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी द्यावी लागली. परसातल्या माणसाच्या हाती यात एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे खरेदीची वेळ. खरिपाचा मका दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतो आणि तेव्हा तो सहसा नरम भावाने मिळतो. चार-सहा क्विंटल तेव्हा घेऊन ठेवता येतो. पण नवा मका ओला असतो. दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत आणि ओंजळीत खुळखुळेपर्यंत तो उन्हात वाळवावा, ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आणल्याशिवाय पोत्यात भरू नये.

अझोला, पाला आणि खरकटे

अझोला या पाण्यावर वाढणाऱ्या बारीक वनस्पतीने खाद्याचा खर्च निम्मा होतो, असे सर्रास सांगितले जाते. त्याची शहानिशा एका ओळीच्या गणिताने होते. ताज्या अझोल्यात ९३ ते ९५ टक्के पाणी असते, म्हणजे एक किलोत कोरडा भाग जेमतेम ६० ग्रॅम आणि त्यात प्रथिने साधारण १४ ग्रॅम. तेवढी प्रथिने ३१ ग्रॅम सोयाबीन पेंडीतून मिळतात, जिची किंमत सव्वा रुपया आहे. एक कोंबडी दिवसभर अझोलाच खात राहिली, तरी तिची गरज भागण्याआधी तिचे पोट पाण्याने भरेल. याचा अर्थ अझोला निरुपयोगी आहे असा नाही. बलकाला रंग येतो, जीवनसत्त्वे मिळतात, पक्षी एकमेकांना टोचत नाहीत. मात्र त्याच्याकडे भाजी म्हणून पाहावे, भाकरी म्हणून पाहू नये. खड्डा खणण्यासाठी, ताडपत्रीसाठी आणि रोजच्या निगेसाठी लागणारे पैसे व वेळ याच मोजमापाने तोलावा.

त्यापेक्षा शेवग्याचा पाला, लसूणघास, हादगा, पालक-मेथीचे देठ हे बिनखर्चाचे आहेत. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरला तर त्यात प्रथिने पाव हिश्श्याच्या आसपास भरतात. सुबाभूळ मात्र अगदी थोडी द्यावी, तिच्यातील मिमोसिन हा घटक बाधतो. पाला जमिनीवर फेकण्याऐवजी जुडी बांधून चोचीच्या उंचीवर टांगावा.

स्वयंपाकघरातील भात, भाकरी, भाजीचे टाकाऊ भाग देण्यास हरकत नाही, पण तेही एकूण आहाराच्या दहाव्या भागातच मोजावे. शिळ्या भाताने पोट भरलेली कोंबडी संतुलित खाद्याकडे पाठ फिरवते. खारट, तेलकट आणि बुरशी आलेले काहीही देऊ नये. बुरशी आलेली भाकरी माणसाने खायची नाही म्हणून कोंबडीला, ही जुनी सवय फार घातक आहे.

मोकळे सोडणे

खाद्याच्या खर्चाला सर्वात मोठा उतार मिळतो तो मोकळ्या चराईने, आणि परसातील कोंबडीचा मोठ्या फार्मवर असलेला फायदा हाच आहे. उकिरडा, गोठ्याची कड, कापणी झालेले शेत, फळबागेतील पालापाचोळा यांतून कोंबडी किडे, अळ्या, वाळवी, गवताचे बी आणि कोवळा पाला मिळवते. जागा चांगली असेल, तर हाताने द्यावे लागणारे खाद्य ८० ग्रॅमपर्यंत उतरवता येते. २८ पक्ष्यांना मग महिन्याला ६७.२ किलो लागते, ज्याचे तयार खाद्याच्या दराने २,४१९ रुपये होतात. फिरण्यात ऊर्जा खर्च होऊन आणि काही अंडी झुडपात हरवून रोजची अंडी साडेबारावर आली, तरी अंडे ६ रुपये ४५ पैशांना पडते.

पण हा उतार ऋतूप्रमाणे बदलतो. पावसाळ्यात आणि सुगीत किडे-दाणे भरपूर असतात. मार्च ते मे या काळात माळरान करपलेले असते आणि ८० ग्रॅमवर ठेवलेली कोंबडी उपाशी राहते. तिचा पोटा, म्हणजे गळ्याखालची खाद्य साठवणारी पिशवी, संध्याकाळी हाताने चाचपावा. खुराड्यात शिरताना तो भरलेला आणि मऊसर लागला पाहिजे. रिकामा लागला, तर खाद्य वाढवावे. सकाळी सोडताना थोडेच द्यावे आणि मुख्य खाद्य संध्याकाळी द्यावे. सकाळीच पोट भरले तर चरायला कोण जाईल? मुंगूस, कुत्री आणि घार यांच्यामुळे जाणारा पक्षीही या बचतीतून वजा करावा लागतो.

सांडणारे, चोरीला जाणारे, बुरसणारे

खाद्यभांडे काठोकाठ भरले की कोंबडी चोचीने खाद्य बाहेर उडवते. भांडे एक तृतीयांश भरावे आणि त्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल अशी टांगावी. दहावा हिस्सा सांडतो असे धरले, तर आपल्या उदाहरणात महिन्याला पावणेदहा किलो, म्हणजे ३५१ रुपये जमिनीवर जातात. भांडे दोरीने उंच करण्यास एक पैसाही लागत नाही.

उंदीर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास खातो आणि त्याहून जास्त नासवतो. चार उंदीर म्हणजे जवळजवळ एक न अंडे देणारी कोंबडी. रात्री भांडी उचलून ठेवावीत आणि पोते झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवावे. पावसाळ्यात पोते जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये, लाकडी फळ्यांवर ठेवावे आणि तीन-चार आठवड्यांत संपेल एवढेच आणावे. गाठी झालेले, कुबट वासाचे खाद्य उन्हात वाळवून वापरण्याचा मोह होतो. बुरशी मरते, पण तिने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष उन्हाने जात नाही. ते यकृतावर बसते आणि अंडी महिनोन्‌महिने घटतात. असे खाद्य टाकून देणे हीच काटकसर.

पाण्याला किंमत नसल्याने त्याकडे दुर्लक्ष होते. कोंबडी खाद्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त. पाणी तापले की ती पीत नाही, न प्यायल्याने खात नाही आणि अंडे थांबते. उन्हाळ्यात भांडी सावलीत ठेवून दुपारी पाणी बदलावे, खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यावे.

न देणाऱ्या कोंबड्या ओळखणे

कळपात पाच कोंबड्या अंडी देत नसतील, तर त्या महिन्याला १७.२५ किलो, म्हणजे ६२१ रुपयांचे खाद्य खातात. मिसळ करून होणाऱ्या बचतीहून ही रक्कम मोठी आहे आणि ती वाचवताना अंडी एकानेही कमी होत नाहीत. ओळखण्यासाठी रात्री खुराड्यात कोंबडी हातात घ्यावी. अंड्यावर असलेलीचा तुरा लाल, भरदार आणि ऊबदार असतो, गुदद्वार रुंद व ओलसर असते आणि त्याच्या दोन बाजूंच्या हाडांमध्ये दोन ते तीन बोटे मावतात. न देणारीचा तुरा आक्रसलेला व फिका, द्वार लहान व कोरडे आणि हाडांमध्ये एक बोटही कष्टाने जाते.

एकदा तपासून निर्णय घेऊ नये. पिसे झडण्याच्या काळात चांगली कोंबडीही दोन-तीन महिने थांबते. खुडूक कोंबडी पिल्ले काढायची नसतील, तर हवेशीर, तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवल्यास लवकर अंड्यावर येते. हिवाळ्यात दिवस लहान झाल्यानेही अंडी घटतात. दिवसाचा व दिव्याचा मिळून १४ ते १६ तास प्रकाश द्यावा. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज चार-पाच तास लावला तर महिन्याला दीड युनिटही वीज लागत नाही, आणि रोज एक अंडे वाढले तरी ती कैकदा भरून निघते. जंतांचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळच्या वेळी द्यावे. मोकळ्या कोंबडीच्या खाद्यातील वाटेकरी पोटातही असतात.

हे सर्व करूनही जी देत नाही, किंवा जिचे दुसरे वर्ष सरत आले आहे, ती विकावी, आणि विकण्याची वेळ पंचांगाकडे पाहून ठरवावी. आषाढ अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात कोंबडीला मागणी चढती असते. श्रावण लागला की गिऱ्हाईक आटते आणि पुष्कळ घरांत ते गणपतीपर्यंत परतत नाही. आषाढात न विकलेली प्रत्येक कोंबडी श्रावणाच्या एका महिन्यात साडेतीन किलोच्या आसपास, म्हणजे सव्वाशे रुपयांचे खाद्य खाऊन त्याच भावाला, किंवा त्याहून कमी भावाला विकावी लागते. यासाठी तपासणी ज्येष्ठात करावी, म्हणजे कोणत्या द्यायच्या आणि कोणत्या ठेवायच्या हे व्यापारी दारात येण्याआधी ठरलेले असेल.